परत लावून बघ

सर, आई माझ्या लॅबबाहेर बाकावर बसली आहे आणि तिचा रिपोर्ट माझ्या हातात आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी सही करायला पेन उचललं आणि आधी तुम्हालाच लिहायला बसले. प्रोबीएनपी. ताणलेलं, थकलेलं हृदय रक्तात सोडतं ते. औषधांनी पायांची सूज उतरली तरी हा आकडा उतरला नाही, तर पुढचे दिवस थोडे समजायचे, हे तुम्हीच शिकवलंत. आईचा उतरला नाही. शिवाय सोडियम खाली गेलंय, क्रिएटिनिन चढलंय. डॉक्टर म्हणतात, आणखी एकदा भरती करून बघू. आई म्हणते, "गुण यायचा नसंल तर मला देवगावला ने. लई सुया झाल्या." आणि निकाल तिला डॉक्टरांकडून नाही, माझ्या तोंडून ऐकायचा आहे.

छावणी भागातल्या तुमच्या लॅबमध्ये मी शिकत होते तेव्हा मशीनपर्यंत येणाऱ्या रक्ताच्या ट्यूबवर नाव नसायचं, फक्त नंबर. नावांचं रजिस्टर तुमच्याकडे. वाचणाऱ्याचं मन मध्ये येऊ नये, म्हणून. त्या दुपारी तुम्ही माझ्या मागं स्टुलावर बसला होता. चार पायऱ्या चढून धाप लागलेली, सुजलेल्या पायांवर चपलांचे पट्टे सैल सोडलेले. मी आकडा बघते, ट्यूबसोबतच्या चिठ्ठीवरच्या मागच्या आकड्याशी ताडून पाहते आणि हसतच म्हणते, "सर, हा पेशंट काही दिवाळी बघत नाही." तुम्ही म्हणता, "बेटा, परत लावून बघ." थोड्या वेळानं मी सांगते, "तेवढाच आला, सर."

"पक्का?"

"पक्का."

"ठीक है. मेरा है वो."

मी माफी मागायला लागले तर तुम्ही चिडलात. "आकडा सांगितलास, गुनाह नाही केलास. रडतेस कशाला? पुढची ट्यूब घे." दुसऱ्या दिवशी तुम्ही भरती व्हायला साफ नकार दिलात आणि गंगापूरला भावाकडे निघून गेलात. तिथून परत आला नाहीत. शेवटचे दिवस सुखात गेले, असं तिथल्या तुमच्या भाभी म्हणाल्या. त्या वाक्यावर मी इतकी वर्षं काढली.

आईची ट्यूब आज मी तीनदा लावली. मशीन तपासलं, पुन्हा रक्त काढलं, तेही लावलं. आकडा हलला नाही.

आत्ता ती दार ढकलून आत आली. "काय आलं गं? खोटं बोलू नगंस."

"उतरला नाही, आई."

तिनं दाराची चौकट धरली. मला वाटलं, रडेल. "मंग चल घरला," ती म्हणाली, "पिशवी भर माझी." आणि परत बाकावर जाऊन बसली. पक्का का, असं तिनं एकदाही विचारलं नाही. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.

सर, हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहिते. तुमची ट्यूब मी दुसऱ्यांदा लावलीच नव्हती. जेवायची वेळ टळून गेली होती, मला भूक लागली होती. मशीनपुढं थोडा वेळ नुसती उभी राहिले आणि तोच आकडा तुम्हाला पुन्हा सांगितला.