तुझ्या पुस्तकातली माझी खोली

सोमवार, ४ मार्च, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. ही वेळ लिहून ठेव. याच वेळी मी माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसायला गेले आणि खुर्ची गरम होती.

चि. ढब्बू हिस मावशीचे अनेक आशीर्वाद. (मानसोपचारतज्ज्ञ झालीस, आता लेखिकाही झालीस, तरी हे नाव सुटणार नाही.) तुझा खोकला कसा आहे? जावईबापूंची कंबर? माझी तब्येत उत्तम. संताप मला मानवतो.

पुस्तक छापून आल्याचे फायदे तू मला फोनवर तासभर ऐकवलेस. पेशंट आधीच विश्वास ठेवून येतात, परिषदेत पुढच्या रांगेत बसवतात, लिहिता लिहिता आपलेही विचार स्वच्छ होतात, आणि दवाखान्याची पायरी चढायला जे लाजतात त्यांना घरबसल्या आधार मिळतो. सगळं मान्य. पण तिसऱ्या प्रकरणात वाचकांना डोळे मिटून ज्या 'सुरक्षित खोलीत' जायला सांगितलं आहेस ती माझी बैठकीची खोली आहे, हे त्या तासाभरात कुठे बोललीस? निळा पडदा, खिडकीजवळची वेताची खुर्ची, वापरून गुळगुळीत झालेला तिचा डावा हात, सगळं जसंच्या तसं. (सुट्टीत येऊन माझी बिस्किटं संपवायचीस, तेव्हा डोळे खोलीवर होते तर.)

आता रोज संध्याकाळी ते येतात. दिसत कोणीच नाही. सोफ्यावर एकामागून एक खळगे पडतात, आणि मग तू शिकवलंस तसा सगळे मिळून सावकाश श्वास घेतात. खिडकी बंद असते, तरी पडदा आत ओढला जातो, थांबतो, बाहेर फुगतो. शिस्त आहे, नाही म्हणत नाही. आमच्या शाळेत सिस्टर हातात पट्टी घेऊन उभ्या राहायच्या, तरी आम्ही इतक्या एका तालात कधी काही केलं नाही.

तेवढं मी चालवून घेतलं असतं. पण पुढे लिहितेस, 'मनातली भीती कोपऱ्यातल्या कपाटात ठेवा, दार लावा आणि हलक्या मनाने परत या.' येतात की हलक्या मनाने. तुला आभाराची पत्रं लिहितात. पण कपाट कोणाचं? परवा शाल काढायला गेले तर दार आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं. सुतार बोलावला. त्याने दाराला कान लावला.

"बाई, आत काय ठेवलंय?"

"शाली."

"मग रडतंय कोण?"

मी म्हटलं, ते आमच्या भाचीला विचारा. तो गेला तो गेलाच. हत्यारं अजून इथेच पडली आहेत.

दुसरी आवृत्ती निघते आहे, शिवाय दोन भाषांत अनुवाद होतो आहे, असं तुझी आई मागच्या आठवड्यात कौतुकाने सांगत होती. माझ्याकडे परभाषेतल्या भीतीला जागा नाही. तुझ्या दवाखान्यात चांगलं लोखंडी कपाट आहे. वाचकांना तिकडे पाठव आणि माझी खोली मोकळी कर.

तुझी, घर न सोडणारी,
मावशी

ता. क. काल न राहवून मीही ते करून पाहिलं. डोळे मिटले, तर खोली तीच, फक्त गच्च भरलेली. एक बस कंडक्टर होता, गणवेशातच. एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. किती दमलेले चेहरे गं. त्यांना हाकलू नकोस. कपाटही राहू दे; शाल मी नवी घेईन.

ता. क. दुसरं. मी त्यांना म्हटलं, जरा सरका, मला बसू द्या. एकानेही वर पाहिलं नाही. म्हणून ते प्रकरण पुन्हा वाचलं. तू लिहिलं आहेस, 'या खोलीत तुमच्याशिवाय कोणीही नाही.' आज सकाळी शेजारचे दंतवैद्य उघड्या दारातून आत आले, खोलीभर नजर फिरवली, "बाई बाहेर गेलेल्या दिसतात" म्हणाले आणि निघून गेले. मी त्यांच्या समोर उभी होते. तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत एकच वाक्य वाढव: 'खिडकीपाशी मावशी आहे.' छपाई शुक्रवारी सुरू होते ना? गुरुवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळव. लेखीच. फोन नको. काल तुझ्या आईला केला होता, ती बराच वेळ "हॅलो, कोण आहे?" म्हणत राहिली, आणि मी बोलतच होते.