क्लिंटचा रॅक

नोरीन,

क्लिंटची पिकअप घेऊन तळ्यावर जातोय, जेवायला थांबू नकोस. त्याच्या अंत्यविधीनंतर शेजारच्या मेव्हिसने जेवण आणलेलं कॅसरोलचं भांडं धुऊन ठेवलंय, तेवढं परत कर.

गॅरेजात पडलेला त्याचा होडी ठेवायचा रॅक आज मी पिकअपवर बसवला. मागच्या हौद्यावरचं झाकण काढावंच लागलं नाही. झाकणाच्याच कडेला खाच आहे, तिच्यात रॅकचे पाय बसतात. आपला पोरगा जीव तोडून हेच सांगत होता. मी म्हटलं, "मला शिकवू नकोस, हौद्यात पाणी गळेल." तो तणतणत निघून गेला आणि तासाभरात अपघाताचा फोन आला.

आठ बोल्ट, नोरीन. अर्ध्या तासाचं काम.

त्याची होडी वर बांधलीय. त्याआधी पाइपने भरपूर पाणी मारून पाहिलं. आत एक थेंब गेला नाही.

तेही तो म्हणाला होता.

रॉय