हरेल तो उठेल

झोंबा, मलावी

चि. मनकर्णा, तुला लांबून अनेक आशीर्वाद.

पुणतांब्याच्या पारावर आपल्या दोघींना बुद्धिबळाला कधीच बसू दिलं नाही. आता काकासाहेबमामा तुझ्या लेकीला, संस्कृतीलाही "पोरीच्या जातीला पार शोभत न्हाई" म्हणाले, हे वाचून माझं जेवण ताटातच राहिलं.

मी बरी आहे. ताप उतरलाय, मच्छरदाणी लावते. आईला तापाचं सांगू नकोस.

इथे बुद्धिबळ फारसं कुणाला ठाऊक नाही. आंब्याखाली म्हातारे बाओ खेळतात, लाकडी पाटावरच्या खळग्यांत बिया टाकत. हरेल त्याने उठायचं, थांबलेल्याने बसायचं, हा त्यांचा रिवाज. मुलींना मात्र तिथे थांबूही देत नाहीत. त्यांतले बांदा आजोबा मला म्हणाले, "बायकांना इतका वेळ गप्प बसवतं का?"

मी शाळेतली पाहुणी बाई म्हणून मला तेवढं बसू दिलं. मी बाओ शिकले, त्यांच्याशी खेळले, हरले आणि उठले. मग त्यांनाच बुद्धिबळाची खुमखुमी आली. त्यांना सगळं शिकवलं. काल मी त्यांच्यावर मात केली आणि म्हटलं, "आजोबा, रिवाज!" ते पुटपुटत उठले. त्यांच्या जागी, माझ्यामागे थांबलेली तडाला नावाची माझी विद्यार्थिनी बसली. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

मने, परवानगी मागत बसलो तर आणखी एक पिढी उभीच राहील. आपल्या अण्णांचे गुडघे कसे आहेत? चालवत असेल तर त्यांनाही पारावर ने. येत्या रविवारी सकाळी, सगळे जमलेले असताना, संस्कृतीला पारावर घेऊन जा आणि मामांच्या समोर तिचा पट मांड.

तुझी हट्टी ताई,
वैजयंता