विसाव्या स्लाइडचा रिपोर्ट

मी, यादोराव सीताराम निखारे, वय अडुसष्ट, राहणार भंडारा, आज हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहितो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत आहे. कानांचा दाखला कोणी देत नाही, पण सगळं ऐकू येतं, प्लायवूडच्या पलीकडलंसुद्धा.

१. राहतं घर मुलगा डॉ. अनुप याला. पोटचा आहे, उघड्यावर कसा ठेवू?

२. हातमागाच्या घरातला मी, दवाखान्यात काचा धुता धुता बायोप्सी कापायला शिकलो. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी लॅब काढली. ती लॅब, पातळ काप काढायचा मायक्रोटोम, मायक्रोस्कोप आणि बायोप्सीचे मेणातले सगळे ब्लॉक माझ्या लॅबची टेक्निशियन करुणा नत्थू पटले, राहणार सिहोरा, हिला देतो. सही करायला डॉक्टर तिने नेमावा. अट एकच: त्याने स्लाइड स्वतः पाहावी.

अनुपला का नाही? तो नागपूरला बसून फोनवर स्लाइडचे फोटो मागवतो आणि रिपोर्ट सांगतो. करुणाचा फोन स्पीकरवर होता, पार्टिशनमागून मी ऐकलं.

"गाठी दिसून राहिल्या ना? मंग टीबी लिहून टाक."

"सर, एकदा फिल्टर लावून पाहा न," करुणा म्हणाली.

"तू कापाचं काम कर. वाचाचं मी पाहतो."

काय वाचतो ते पाहावं म्हणून गेल्या महिन्यात नावं झाकून वीस स्लाइड त्याच्यापुढे ठेवल्या. सगळ्यांत ग्रॅन्युलोमा. शरीराला जे पचत नाही त्याला पेशी वेढा घालतात, ती ही गाठ. आठांमध्ये मधोमध कुस्करलेल्या पनीरासारखा मेलेला भाग, तो टीबी. पाचांत गाठी मज्जातंतू धरून लांबलेल्या, ते कुष्ठ. चारांत बुरशी, दोनांत टाक्याचा धागा. शेवटच्या, विसावीत धानाचं कुसळ, फिल्टर फिरवला की काळोखात चकाकतं.

साहेबांनी अकरा मिनिटं घेतली, त्यातली चार फोनवर. विसांवरही टीबी, खाली सही. एवढ्यासाठी एमडी कशाला? रबरी शिक्का पुरला असता.

३. कुसळाची स्लाइड त्याच्या आईची. माझी बायको दुर्गाबाई २००१ साली माहेरी धानाच्या चुरणीला, म्हणजे मळणीला गेली, तळहातात कुसळ मोडलं, गाठ आली. बायोप्सी मीच कापली. माझ्याच पगारी डॉक्टरने दुरून पाहून टीबी लिहिलं, आणि मी मालक असून हो म्हटलं. टीबीच्या गोळ्यांनी कावीळ झाली. दोन महिन्यांत गेली. फिल्टर मी तेराव्यानंतर लावला. त्या डॉक्टरला हाकललं. स्वतःला हाकलता आलं नाही. म्हणून अनुपवर हसण्याचा हक्क मला निम्माच आहे, पण तो मी पुरेपूर वापरला.

४. ती स्लाइड कोणाची, हे अनुपला ठाऊक नाही. वाचणाऱ्याने इथे थांबून त्याला पाणी द्यावं.

५. त्याला लॅबसाठी कोर्टात जायचं असेल तर खुशाल जावं. माझ्या बाजूने वकील लावू नये. करुणाने फक्त विसाव्या स्लाइडचा रिपोर्ट न्यायाधीशांपुढे ठेवावा. खाली अनुपची सही आहेच. रुग्णाच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे; ते नाव त्याने तिथे सर्वांसमोर स्वतःच्या हाताने भरावं.

हे वाचून, समजून सही केली.

यादोराव सीताराम निखारे

आमच्यादेखत सही झाली:
१. भोजराज धकाते, कारधा
२. गुलाब नंदनवार, भंडारा

भंडारा, दि. ९ नोव्हेंबर २०१८