आमच्या वॉर्डात रिअ‍ॅक्शन येत नाही

२ मार्च
औषधांच्या रिअ‍ॅक्शनची नोंद ठेवायला नव्या फार्मासिस्ट बाई आल्या आहेत. म्हणाल्या, वर्षभरात तुमच्या वॉर्डातून एकही रिपोर्ट नाही. मी दारावरच्या फलकाकडे बोट दाखवलं. 'रिअ‍ॅक्शन : शून्य'. वॉर्डप्रमुख उगाच नाही झालो.

५ मार्च
बाई परत हजर. प्रसूती वॉर्डातून ढीगभर रिपोर्ट येतात म्हणे. येणारच, तिथे हलगर्जीपणा आहे. बाई म्हणतात, तिथे लक्ष आहे. कपाळ! सिस्टरना बजावलं, पेशंटला खाज सुटली तर आधी डास शोधा.

९ मार्च
दाढ ठणकतेय. स्वतःच अँटिबायोटिक सुरू केलं. डेंटिस्टकडे जायला मी काय पेशंट आहे?

१० मार्च, सकाळी
अंगभर लाल चट्टे. साबण. नक्की साबण. बायको म्हणते, साबण तोच आहे, गोळी नवी आहे. डॉक्टर कोण, मी की ही? गोळी बंद केली, पण ती दाढ ठणकायची थांबली म्हणून.

११ मार्च
बाईंकडे कुणीतरी चहाडी केली. चट्टे बघून विचारलं, नोंद करू का? ठणकावलं, साबणाचे रिपोर्ट साबणवाल्यांकडे पाठवा. वही मिटून निघून गेल्या. जिरवली.

२६ मार्च
ताप, खोकला, छातीत कफ. माझ्याच वॉर्डात दाखल. ज्युनियर डॉक्टरने विचारलं, सर, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी? सिस्टर कान टवकारून उभ्या. म्हणालो, "मला कसलीही अ‍ॅलर्जी नाही. लिही." मुकाट लिहिलं. शिस्त आहे. बायको काहीतरी बोलणार होती, तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

२७ मार्च
इंजेक्शन दिल्या दिल्या ओठ सुजले, श्वास कोंडला. धावपळ. वाचलो. औषध त्या गोळीतलंच होतं म्हणे. योगायोग. इथला साबणही तपासायला हवा. ही हात धरून रडत होती. मीही घाबरलो होतो, पण ते कुणाला सांगायचं नाही.

२८ मार्च
घसा सुजलाय, बोलवत नाही. बाईंना पाटीवर लिहून दाखवलं : मेलो तरी रिपोर्ट भरणार नाही.
बाई म्हणाल्या, "गरज नाही, सर. नातेवाइकांनी दिलेलाही चालतो."
हिने कालच दिला होता. आधीच्या चट्ट्यांसकट. साबणाच्या नावासकट.
मनगटावर अ‍ॅलर्जीवाल्या पेशंटची लाल पट्टी बांधलीय. सिस्टरनी फलकावरचं शून्य पुसून एक लिहिलं. खाटेवरून स्पष्ट दिसतं.