पुढची जागा

माय, परवा सुरतला एक गाडी पाहिली. नात तिथे नोकरीला आहे, तिनेच हौसेने प्रदर्शनाला नेलं. गाडी बाहेरून एवढीशी, आपल्या ओट्यापुढे सहज मावेल. आत मात्र ऐसपैस. सीटा मऊ चामड्याच्या, छत काचेचं, थाट सगळा बड्या लोकांचा. तरी म्हणे रोजच्या वापराची. भाजी आणा, मुलांना शाळेत सोडा, लांब निघालात तर सीटा आडव्या करून झोपा. समजावणारी मुलगी म्हणाली, "आणि आजोबा, हा मधला कप्पा असा मागे सरकतो. मग पुढे दोघं अगदी शेजारी शेजारी." मी विचारलं, कधी मिळेल? ती हसली. "ही विकायची नाही. अजून नुसती कल्पना आहे."

जन्मभर वर्गात कविता शिकवल्या मी, कल्पना हा शब्द मला नवा नाही. पण त्या थंडगार हॉलमध्ये तू आठवलीस आणि पाय हलेनात. तुझीही एक नुसती कल्पनाच तर होती. आबांच्या जीपमध्ये, पुढे, त्यांच्या शेजारी बसायचं.

नंदुरबार-रनाळे फेऱ्या मारणारी ती जीप. आबांच्या डावीकडे तिघं, उजवीकडेही एक जण अर्धा बाहेर लोंबकळतोय, आणि मध्ये चेपलेले आबा गाडी हाकताहेत. तू मागे, मिरच्यांच्या पोत्यांत, नाकाला पदर लावून. "गाडी आपली, आनि मी पोतासनाजोडे!" तू टोमणा मारायचीस. आबा वळूनही बघायचे नाहीत. "पुढली जागा गिऱ्हाईकनी शे. तू तं घरनी शे." सगळी जीप हसायची. तूही.

मग तो दिवस. डॉक्टरांनी तुला घरी न्यायला सांगितलं. का, ते आम्हा दोघांनाच सांगितलं. तू फक्त आबांचा चेहरा पाहिलास. आबांनी तुला उचलून पुढे बसवलं. मागच्या बाकावर मी एकटा. फाट्याफाट्यावर लोक हात दाखवताहेत, आबा थांबत नाहीत. तुला ते बघवेना.

"आहो, थांबा ना. गिऱ्हाईक शे."

"गाडी भरेल शे."

"काय भरेल शे? डोया फुटनात का तुमना?"

पुढच्या फाट्यावर एक बाई उन्हात उभी होती. तू आबांच्या हातावर हात ठेवलास. "तिना कडवर पोर शे. थांबा." गाडी थांबली. बाई मागे चढायला निघाली, तर तू तिला पुढेच बोलावलंस आणि सरकलीस, आबांच्या बाजूला. तुझा खांदा त्यांच्या खांद्याला टेकला. ते लेकरू तुझ्या बांगड्या ओढत होतं, आणि तू त्या बाईला माहेर कुठलं, सासर कुठलं, सगळं विचारत होतीस. आबांनी गाडी इतकी हळू केली की सायकलवाले पुढे निघून गेले.

हे पत्र कुठे पाठवू? पाठवलं असतं तरी तुला वाचता कुठे येत होतं! आपण घरी कशासाठी चाललोय, हे मला ठाऊक होतं, माय. तरीही तुमच्या दोघांच्या पाठी बघत मी मागे बसलो होतो ना, तेव्हा मी सुखात होतो.