रीळ ओवायला बाई हवी

नाशिक,
२ ऑगस्ट १९८२

आदरणीय यशोदाआक्का,

सविनय जयभीम. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला असेलच. नसेल तर बिड्या गेल्या नाहीत असं मी समजते. तुझी रत्ना माझ्याकडे मजेत आहे, शाळेत जाते, दोन्ही वेळा पोटभर जेवते.

आमच्या वाचनालयाने यंदा शाळांना दाखवायला माहितीपट घ्यायचं ठरवलंय. निवड समितीत अध्यक्ष आहेरराव, गांगुर्डे गुरुजी, एक वकील आणि ग्रंथपाल म्हणून मी (म्हणजे चहा सांगायला). आता तुला कळवलं नव्हतं ते सांगते. जूनमध्ये रत्नाला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा पोर रडत म्हणाली, "मावशी, मला मोठा आजार झालाय, आईला बोलव." मी तिला कापड दिलं, मोठी झालीस म्हटलं आणि भाजी करपेल म्हणून स्वयंपाकघरात पळाले. (भाजी चढवलीच नव्हती.) म्हणून मुलींच्या वाढत्या वयावरची एक फिल्म मी गुपचूप यादीत घातली. ती काहीही करून पास व्हायला हवी होती.

शनिवारी बैठक झाली. आधी कांद्याच्या साठवणुकीची फिल्म. अगं, नाशिककरांना कांदा कोण शिकवणार! तरी तिघांनी ती दोनदा पाहिली आणि कांदाचाळीत हवा कुठून खेळवावी यावर कडाक्याचं भांडण केलं. मग माझी फिल्म लागली. पडद्यावर शरीराच्या आतलं चित्र आलं मात्र, अध्यक्षांना चहा आठवला. ते बाहेर गेले ते गेलेच. गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला, तो रीळ संपेपर्यंत पुसतच होते. (काच झिजली कशी नाही देव जाणे.) वकील खिडकी लावायला उठले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी मात्र सगळी पाहिली आणि चाळिशीत दोन गोष्टी मला नव्याने कळल्या.

दिवे लागले. अध्यक्ष आत येऊन बसले. मीच विचारलं, कशी वाटली? पाहिली नाही असं कोण म्हणणार! अध्यक्ष म्हणाले, "छायाचित्रण उत्तम आहे." गुरुजी म्हणाले, "भाषा शुद्ध आहे." वकिलांनी तर ती कांद्याच्या फिल्मपेक्षा उजवी ठरवली. तिघांनी सह्या केल्या. आक्का, नोकरी लागली तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. येत्या रविवारी मुली आणि त्यांच्या आयांसाठी पहिला खेळ आहे.

तुझी,
लता

ता. क. आमचा प्रोजेक्टर चालवणारा मंगळू म्हणतो, "बाई, मशीन चालू करून देतो, पण आत थांबणार नाय." मध्येच रीळ तुटलं तर? तू शिलाई मशीनमध्ये न बघता दोरा ओवतेस. रीळही तसंच ओवायचं असतं. शनिवारीच ये, मंगळू शिकवील.

ता. क. भाऊजींना खरं सांगू नकोस. कांद्याची फिल्म आहे म्हण.

ता. क. नको नको. मार्केट यार्डात जन्मभर कांदा तोलणारा माणूस, सगळ्यांच्या आधी येऊन बसेल. शिवणाचं काहीतरी सांग.

ता. क. आईलाही आण. तिने आपल्याला 'कावळा शिवला' एवढंच सांगून कोपऱ्यात बसवलं होतं. मला वाटायचं, ती मुद्दाम लपवते. आता वाटतं, तिलाही कोणी सांगितलं नसेल. पुढच्या रांगेत तिची जागा धरून ठेवते.